पहिलं लॅक्टोज आत आलं कसं?



आज मी माझ्या एका चुकीपासून सुरुवात करणार आहे. मी बडोद्यात एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला एक प्रकरण असतं, लॅक ओपेरॉन नावाचं. परीक्षेत त्यावर प्रश्न हमखास येतो, बहुतेक वेळा ‘टीप लिहा’, ५ गुण. त्यामुळे हे प्रकरण मी कसं शिकवायची? फळ्यावर एक आडवी रेघ, तिच्यावर चार चौकोन, बाण, बाणावर फुली. पोरं आकृती उतरवून घ्यायची, मी हात झटकून खडूची पूड उडवायची, तास संपायचा. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं.

एकदा तास संपल्यावर एक मुलगी व्हरांड्यात मागे मागे आली. म्हणाली, “मॅम, लॅक्टोज आत आलं की ही जनुकं चालू होतात. पण लॅक्टोजला आत आणणारं दार याच जनुकांमधून तयार होतं. मग जनुकं बंद असताना पहिलं लॅक्टोज आत आलं कसं?”

मी घड्याळाकडे बघितलं आणि म्हटलं, “ते सिलॅबसमध्ये नाही.”

ती “हो मॅम” म्हणून गेली. मला घरी जाईपर्यंत काही वाटलं नाही. रात्री भांडी आवरताना वाटलं, आणि मग बराच काळ वाटत राहिलं. कारण सिलॅबस हे खरं कारण नव्हतं. मला उत्तर येत नव्हतं. आज तुम्हाला सांगायचं आहे ते त्या उत्तराबद्दल. पण त्याआधी तो प्रश्न नीट कळायला हवा. तुमच्यापैकी अनेकांचा विज्ञानाशी शेवटचा संबंध दहावीला आला असेल, म्हणून जरा मागे जाते.

ई. कोलाय हा आपल्या आतड्यात राहणारा जिवाणू. चांगलं अन्न आणि ३७ अंश तापमान मिळालं तर साधारण २० मिनिटांत एकाचे दोन होतात. त्याच्याकडे ४ हजारांहून जास्त जनुकं आहेत. जनुक म्हणजे एखादं प्रथिन कसं बनवायचं याची कृती. आता घरात रुखवताच्या पुस्तकात शंभर पदार्थांच्या कृती असल्या म्हणून आपण रोज शंभर पदार्थ करत नाही. जिवाणूचंही तसंच. सगळी प्रथिनं सगळ्या वेळी बनवत बसला तर त्याची वाढच खुंटेल, आणि शेजारचा काटकसरी जिवाणू त्याला मागे टाकून जाईल.

त्याला सगळ्यात सोपी साखर म्हणजे ग्लुकोज. आली की थेट वापरायची. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, ही दोन साखरांची जोडी आहे: ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज एकमेकांना चिकटलेले. ती वापरायची तर दोन गोष्टी लागतात. एक, तिला पेशीच्या आत घेणारं प्रथिन. त्याला पर्मिएझ म्हणतात, मी आज त्याला ‘दार’ म्हणेन. दोन, तिचे दोन तुकडे करणारं एन्झाइम, बीटा-गॅलॅक्टोसिडेझ. त्याला ‘कात्री’ म्हणू. दाराचं जनुक आणि कात्रीचं जनुक डीएनएवर शेजारी शेजारी असतात आणि एकाच बटणावर चालतात. तिसरंही एक जनुक त्यांच्या रांगेत आहे, त्याचं आज आपल्याला काम नाही.

ही कात्री स्वस्त नाही. एका कात्रीत ४ साखळ्या, आणि प्रत्येक साखळीत हजाराहून थोडे जास्त अमिनो आम्लांचे मणी. लॅक्टोज नसताना पेशीत अशा मोजक्याच कात्र्या असतात. लॅक्टोज मिळालं, ग्लुकोज नसलं, की काही हजार. म्हणजे साधारण हजारपट फरक. हे कोण ठरवतं?

या गोष्टीचा पहिला धागा सापडला पॅरिसमध्ये, १९४० साली, म्हणजे जर्मन फौजा शहरात असताना. झाक मोनो नावाचा तिशीतला तरुण सॉर्बोनमध्ये पीएच.डी.चं काम करत होता. चेलो वाजवायचा, संगीतातच जावं का अशा विचारातही होता. तो जिवाणूंना दोन साखरा मिसळून द्यायचा आणि वाढीचा आलेख काढायचा. काही जोड्यांना रेषा गुळगुळीत यायची. काही जोड्यांना मात्र ती वर चढायची, मध्ये सपाट व्हायची, आणि पुन्हा चढायची. जिवाणू एक साखर संपवत, थांबत, मग दुसरीला हात लावत. आपल्याकडे जेवणात श्रीखंड असलं की पोरं आधी ते चाटूनपुसून संपवतात आणि मग भाजीकडे नाइलाजाने बघतात, तसंच काहीसं. फरक इतकाच की जिवाणूचा मधला थांबा नाराजीचा नसतो, तयारीचा असतो.

मोनोने हा आलेख पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या आन्द्रे ल्वॉफ यांना दाखवला. त्यांनी सांगितलं की एन्झाइमच्या अनुकूलनाशी याचा संबंध असावा. मोनोला तो विषयच ठाऊक नव्हता. पुढची २० वर्षं त्याने त्यातच घालवली. मधल्या काळात तो जर्मनांविरुद्धच्या भूमिगत चळवळीत होता. प्रयोगशाळेबाहेर उभ्या केलेल्या जिराफाच्या सांगाड्याच्या पोकळ हाडात तो गुप्त कागद लपवायचा असं सांगतात. खरं सांगायचं तर पोरांना ओपेरॉनपेक्षा जिराफच जास्त लक्षात राहतो.

दुसरा माणूस फ्रान्स्वा जाकोब. त्याला सर्जन व्हायचं होतं. युद्धात १९४४ साली नॉर्मंडीत तो जबर जखमी झाला आणि ते स्वप्न संपलं. मग १९५० मध्ये तो ल्वॉफ यांच्याकडे पोटमाळ्यावरच्या प्रयोगशाळेत आला. त्याचं काम जिवाणूंमध्ये वर्षानुवर्षं झोपून राहणाऱ्या विषाणूंवर. व्हरांड्याच्या एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला मोनो आणि त्याच्या साखरा.

निर्णायक प्रयोग झाला अमेरिकेतून पाहुणा आलेल्या आर्थर पार्डीबरोबर. तिघांच्या नावांची पहिली अक्षरं जोडून त्याला ‘पाजामो’ म्हणतात. आपल्या कानाला तो पायजमाच ऐकू येतो, आणि गंमत म्हणजे त्यांच्याकडेही तोच विनोद होता. जिवाणूंमध्ये एक पेशी दुसरीला आपला डीएनए सरकवू शकते. यांनी असा जोड जमवला की देणाऱ्या पेशीकडे कात्रीचं जनुक चांगलं, आणि शेजारचं एक नियंत्रण करणारं जनुकही चांगलं. घेणाऱ्या पेशीकडे दोन्ही बिघडलेली. साखर अजिबात घातलेली नाही.

आता तुम्हीच विचार करा काय व्हायला हवं. साखर आली की कात्री बनवण्याचा हुकूम सुटतो असं मानलं, तर साखर नाही, हुकूम नाही, कात्री नाही. प्रत्यक्षात कात्रीचं जनुक आत शिरल्यावर काही मिनिटांतच कात्र्या धडाधड बनायला लागल्या. आणि मग तासाभराहून थोडा जास्त वेळ गेल्यावर आपोआप थांबल्या. मध्ये साखर घातली तर थांबल्या नाहीत.

याचा अर्थ एकच लागतो. कात्री बनवायला कुणाच्या हुकमाची गरज नाही, ती बनतच असते. कुणीतरी तिला अडवून धरतं. घेणाऱ्या पेशीत ते अडवणारं नव्हतंच, म्हणून काम लगेच सुरू झालं. नियंत्रणाच्या जनुकातून ते हळूहळू तयार झालं आणि काम थांबलं. साखर येऊन काही सुरू करत नाही, ती अडवणाऱ्याला उठवते. नकाराचा नकार. भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्डही मोनोशी अशाच अंगाने बोलत होते.

या अडवणाऱ्याला रिप्रेसर म्हणतात. मी ‘राखणदार’ म्हणते. जाकोबला १९५८ च्या उन्हाळ्यात बायकोबरोबर सिनेमा बघताना सुचलं की त्याचा झोपलेला विषाणू आणि मोनोची बंद जनुकं ही एकच गोष्ट आहे. दोन्हीकडे कुणीतरी डीएनएवरच बसून वाट अडवतंय. मोनोने सुरुवातीला ते फारसं मनावर घेतलं नाही. पण १९६१ मध्ये दोघांचा मोठा निबंध आला, आणि १९६५ मध्ये जाकोब, ल्वॉफ आणि मोनो यांना नोबेल. राखणदार त्या वेळी अजून कुणी पाहिलेला नव्हता. तो १९६६ मध्ये वॉल्टर गिल्बर्ट आणि बेनो म्युलर-हिल यांनी वेगळा काढून दाखवला. काम अवघड होतं, कारण एका पेशीत हे राखणदार असतात अवघे दहाएक.

इथपर्यंत मी शिकवायची. इथे माझी आकृती पूर्ण व्हायची. आणि नेमकी इथेच ती मुलगी मागे आली होती.

तिचा प्रश्न परत ऐका. राखणदार बसलेला आहे. दार बंद, कात्री बंद. बाहेर लॅक्टोज आलंय. आत कसं येणार? यापेक्षा वाईट म्हणजे, पुस्तकाच्या कोपऱ्यात लिहिलेलं असतं की राखणदाराला उठवतं ते लॅक्टोज नव्हेच, ॲलोलॅक्टोज नावाचं त्याचं भावंड. लॅक्टोज थोडं उलटंपालटं करून ते बनवायचं काम करते कोण? तीच कात्री. म्हणजे कात्री मिळायला कात्री आधी हवी, आणि दार मिळायला दार आधी हवं. कपाटाची किल्ली कपाटातच.

उत्तर एका ओळीचं आहे आणि मला ते तेव्हा माहीत असायला हवं होतं. राखणदार डुलक्या घेतो.

रेणू म्हणजे दगड नव्हे, तो सतत थरथरत असतो. डीएनएवर बसलेला राखणदार मधूनच सुटतो, पुन्हा बसतो. तो एकाच वेळी डीएनएच्या दोन जागा धरू शकतो, त्यामुळे मधला डीएनए फासासारखा वळलेला राहतो. एक हात सुटला तरी दुसरा धरून असतो, आणि क्षणात पहिलाही परत जागेवर येतो. तेवढ्या क्षणात एखादी कात्री, एखाददुसरं दार बनून जातं. ही गळती. साखर असो नसो, ती चालूच असते. या गळतीतून आलेल्या दोन-चार दारांतून पहिलं लॅक्टोज आत येतं, दोन-चार कात्र्यांमधून पहिलं ॲलोलॅक्टोज बनतं.

मी इतकी वर्षं या गळतीला दोष समजत होते. पुस्तकात ती ‘थोडीशी मूळ पातळी’ म्हणून अर्ध्या ओळीत उरकलेली असते, जशी नळाची थेंबगळती. पण कल्पना करा, राखणदार अगदी चोख असता, कधीच सुटला नसता, तर दुधाच्या सागरात पोहतानाही त्या जिवाणूला लॅक्टोजचा पत्ता लागला नसता.

आणि कधीकधी, क्वचित, राखणदाराचे दोन्ही हात एकदम सुटतात. तेव्हा तो लांब जातो, परत जागा सापडायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात दारांचा एक मोठा लोंढा बनून बाहेर पडतो. २००८ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने एकेका पेशीतली दारं मोजून हे दाखवलं. शेकडो दारं जमली की साखर भराभर आत येते, राखणदारांना बसूच देत नाही, आणखी दारं बनतात, आणखी साखर येते. पेशी पूर्ण ‘चालू’. तेवढी जमली नाहीत तर पुन्हा ‘बंद’. म्हणजे एका पेशीचं भवितव्य एका रेणूच्या एका सुटण्यावर फिरतं.

याची चाहूल १९५७ मध्येच लागली होती, ओपेरॉन हा शब्द जन्मायच्या आधी. शिकागोमध्ये ॲरन नोविक आणि मिल्टन वाइनर यांनी जिवाणूंना टीएमजी नावाचा लॅक्टोजसारखा रेणू अगदी थोडा दिला. हा दारातून आत येतो, राखणदाराला उठवतो, पण कात्रीने कापला जात नाही, म्हणून संपत नाही. चंबूतल्या कात्र्या मोजल्या तर सरासरी मधलीच कुठलीतरी यायची. वाटेल की प्रत्येक जिवाणू अर्धामुर्धा चालू आहे. तसं नव्हतं. काही पूर्ण चालू, काही पूर्ण बंद, अधला कुणीच नाही. डीएनए तोच, चंबू तोच, अन्न तेच. वर्गाची सरासरी ५० टक्के म्हणून प्रत्येक पोराला ५० गुण मिळालेत असं समजण्यासारखं ते झालं असतं.

आता दुसरी चूक. ही फक्त माझी नाही, त्यामुळे सांगायला कमी जड जातं.

ग्लुकोज असताना जिवाणू लॅक्टोजकडे का बघत नाही? मी शिकवायचे ते असं: ग्लुकोज असलं की पेशीत सायक्लिक एएमपी नावाचा निरोप्या रेणू कमी होतो. तो कमी झाला की जनुकं वाचणाऱ्या यंत्राला डीएनएवर नीट पकड मिळत नाही, म्हणून लॅक्टोजची जनुकं मंदावतात. यातलं काहीच खोटं नाही. तो निरोप्या लागतोच. पण मोनोच्या आलेखातला तो सपाट तुकडा मुख्यत्वे त्यामुळे येतो, हे मात्र टिकत नाही. १९९६ मध्ये जपानी संशोधकांनी मोजून पाहिलं, तर ग्लुकोजवर वाढताना आणि लॅक्टोजवर वाढताना या निरोप्याच्या पातळीत तसा फरक नव्हता. आणि राखणदारच नसलेल्या जिवाणूंना दोन्ही साखरा दिल्या, तर त्यांनी आधी एक मग दुसरी असं केलंच नाही, दोन्ही एकदम वापरल्या. निरोप्या हे खरं कारण असता तर राखणदार असो नसो, थांबा दिसायला हवा होता.

मग खरं कारण काय? पुन्हा दार! ग्लुकोज आत ओढणारी प्रथिनांची एक साखळी असते, फॉस्फेट हातोहात पुढे देणारी, विहिरीवर बादल्या पुढे पुढे देतात तशी. ग्लुकोज येत असतं तेव्हा साखळीतल्या एका प्रथिनाचे हात रिकामे राहतात. रिकाम्या हाताचं ते प्रथिन लॅक्टोजच्या दाराला आतून जाऊन चिकटतं आणि दार अडकवतं. गळतीतून आलेली ती दोन-चार दारंही बंद. पहिलं लॅक्टोज आतच येत नाही, राखणदार उठतच नाही. ग्लुकोज संपलं की साखळीचे हात भरतात, दार मोकळं होतं, आणि मधल्या सपाट रेषेत जिवाणू कात्र्या बनवायला घेतो.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खुर्चीत जरा मागे टेकून बसले. त्या मुलीने विचारलं होतं, पहिलं लॅक्टोज आत आलं कसं. ओपेरॉनच्या दोन्ही अर्ध्या भागांची किल्ली याच प्रश्नात होती: चालू कसं होतं तेही, आणि ग्लुकोज त्याला बंद कसं ठेवतं तेही. आणि मी तिला सिलॅबस सांगितला होता.

हे सगळं चंबूतलं आहे, आमचा काय संबंध, असं कुणाला वाटत असेल तर पॅथॉलॉजी लॅबमध्ये चक्कर मारा. तिथे मॅकॉन्की अगार नावाची गुलाबीसर थाळी असते. तिच्यात लॅक्टोज आणि आम्ल ओळखणारा रंग घातलेला असतो. ई. कोलाय लॅक्टोज फोडून आम्ल करतो, त्याचे ठिपके गुलाबी होतात. टायफॉइडच्या जिवाणूला लॅक्टोज वापरता येत नाही, त्याचे ठिपके रंगहीन. तंत्रज्ञ सकाळी थाळी उघडून पहिली नजर टाकतो ती या रंगावर. रक्ताची हगवण लावणाऱ्या शिगेलातली सोनाय नावाची एक जात आहे, ती पहिल्या दिवशी रंगहीन दिसते आणि काही दिवसांनी गुलाबी होते. कात्री आहे, दार धड नाही. दाराशिवाय लॅक्टोज किती सावकाश झिरपतं, ते त्या उशिरा आलेल्या गुलाबीत दिसतं. घाईने वाचलेली थाळी तिथे फसवू शकते.

ज्या प्रयोगशाळांमध्ये ई. कोलायकडून हवं ते प्रथिन बनवून घेतात, तिथे हेच बटण वापरतात. लॅक्टोजऐवजी आयपीटीजी नावाचा न संपणारा रेणू घालून राखणदाराला उठवतात. तिथे गळती मात्र खरीच डोकेदुखी होते. प्रथिन जिवाणूला मारक असेल, तर थेंबभर गळतीनेही सकाळी चंबूत काही उरत नाही. माझे असे दोन आठवडे गेलेत. शेवटी माध्यमात ग्लुकोज घालून गळती दाबली.

आता वर्गात मी आकृती काढण्याआधी तो प्रश्न फळ्यावर लिहिते. दोन वर्षांपूर्वी त्यावर एका मुलाने पुढचा प्रश्न काढला: चालू झालेल्या जिवाणूचे दोन तुकडे झाले, तर पिल्लांचं काय? छान प्रश्न. दारं दोघांत वाटली जातात, म्हणून पिल्लंही चालूच राहतात. नोविक आणि वाइनर यांनी तेही पाहिलं होतं: टीएमजी इतकं कमी ठेवायचं की बंद पेशी चालू होणार नाही, पण आधीपासून चालू असलेली बंदही पडणार नाही. डीएनएमध्ये एका अक्षराचाही बदल नाही, आणि तरी आजीने काय खाल्लं होतं ते नातीच्या वागण्यात दिसतं.

आम्ही ते करून बघायचं ठरवलं. कॉलेजची प्रयोगशाळा, ताडकन बंद पडणारा इनक्युबेटर, त्यात मे महिना. एका चंबूतले जिवाणू आदल्या रात्री भरपूर टीएमजीवर वाढवलेले, दुसऱ्यातले त्याशिवाय. मग दोन्ही धुऊन एकसारख्या, अगदी थोड्या टीएमजीच्या माध्यमात घातले आणि कितीतरी पिढ्या वाढू दिले. शेवटी ओएनपीजी घालायचं, कात्री असेल तर ते पिवळं होतं. तीन वेळा फसलं. कधी दोन्ही पिवळे, कधी दोन्ही पांढरे; मात्रा जमेना. चौथ्या वेळी पोरं नळ्या धरून खिडकीजवळ उभी राहिली. मी मुद्दाम लांब थांबले होते. पाचएक मिनिटांनी एकीतलं पाणी लिंबासारखं पिवळं व्हायला लागलं. दुसरी तशीच राहिली. त्या मुलाने लगेच दोन्हींवरची लेबलं पुन्हा वाचून बघितली, अदलाबदल तर झाली नाही ना म्हणून.